न खाल्लेला लसूण

"नेम चुकला तर रडत बसायचं नाही, सुने. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा अन् देवाच्या पाया पडायचं. पण सोडायचा नाही."

सुशीलाबाईंच्या सासूबाईंनी हे सांगितलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत. दिवसभर चिखलात धान रोवून सूनबाई संध्याकाळी माळ हातात घेऊन तशीच झोपून गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने दोन माळा केल्या आणि सगळं सुरळीत झालं. सासूबाईंना जाऊन आता बारा वर्षं झाली होती, पण तो आवाज देवघराच्या फळीवर गंगाजळाच्या गडूशेजारी जसाच्या तसा होता. माळ राहिली, दुसऱ्या दिवशी दोन. तुळशीच्या प्रदक्षिणा राहिल्या, दुसऱ्या दिवशी बावीस. एकोणचाळीस वर्षांत या हिशेबाने सुशीलाबाईंचं कधी काही बिघडलं नव्हतं. हा नियम बाटलीतल्या गोळ्यांना लावू नये, एवढं फक्त सासूबाई सांगायच्या राहून गेल्या. त्यांच्या काळी बाटलीत गोळ्या नव्हत्या, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार.

त्या साली ज्येष्ठात सुशीलाबाईंना थकवा येऊ लागला. चेहरा सुजला, आणि एकदा तर देवळात येत्या चातुर्मासाच्या पोथीची उजळणी करता करता त्यांना डुलकी लागली. तिरोड्याच्या त्या देवळात चातुर्मासाची पोथी वाचायचा मान आधी सासूबाईंचा होता, मग त्यांचा. अकरा वर्षांत एक ओळ चुकली नव्हती, तिथे डुलकी म्हणजे भलतंच. त्यांचे यजमान सुकरामजी पटले पंचायत समितीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बायकोला गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड आहे. तुमचं शरीर तुमच्याच ग्रंथीला परकं समजून तिच्यावर हल्ला करतं."

"म्हंजे भाऊबंदकी," सुकरामजी म्हणाले.

"तसंच समजा."

डॉक्टरांनी एक इवलीशी पांढरी गोळी दिली. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, आणि वर तासभर काही खायचं नाही. हे ऐकून सुशीलाबाईंना डॉक्टरांबद्दल एकदम आदर वाटला. त्या तशाही तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घालत नसत. औषध आणि नेम असे एकाच बाजूला उभे राहिलेले त्यांनी प्रथमच पाहिले.

सगळं इथेच थांबलं असतं. पण त्यांना एक मुलगा होता, तो हैदराबादला होता आणि त्याच्याकडे इंटरनेट होतं.

वीरेंद्रचा फोन आला. "आई, मी वाचलं. या आजारात सेलेनियम नावाचं खनिज घेतात. पाठवतो. पण आधी डॉक्टरांना विचार, हं."

"विचारते," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. डॉक्टरांनी दिवाळीनंतर बोलावलं होतं. तेव्हा विचारणारच होत्या. मधेच फोन करावा तर सुकरामजींना ते पटेना. साहेबांनी तारीख दिली असताना आधी जाणं म्हणजे साहेबांच्या तारखेचा अपमान, असं त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं मत होतं.

खोका निघाला, पण पोचेना. पत्त्यात 'हनुमान मंदिराजवळ' लिहिलं होतं आणि तिरोड्यात हनुमंताची कमतरता नाही. तो दूरचं सालेकसा गाव बघून परत आला तेव्हा कुरियरवाला म्हणाला, जिच्या नावाचा आहे तिनेच ओळखपत्र घेऊन यावं. सुशीलाबाई गेल्या. त्याने मतदान कार्डावरचा फोटो पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो.

"बाई, हे तुमीच हाव काय?"

"मीच. थायरॉईड झाला आहे."

"यात तर चेहरा बारीक हाय."

"म्हणून तर खोका मागवला," सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. घरी येईपर्यंत मात्र त्यांनी पदर कपाळाच्या खाली ओढून घेतला होता.

खोक्यात गोळ्यांची बाटली होती आणि शिवाय एक किलो ब्राझील नट. हे अंगठ्याएवढे जाड दाणे, यांच्यात सेलेनियम जन्मजातच असतं. वीरेंद्रने फोनवर बजावलं, "रोज एक गोळी. नाहीतर गोळीऐवजी एखाददुसरा दाणा. दोन्ही नाही."

सुकरामजींनी भिंग लावून बाटली वाचली. शासकीय कागद असल्यासारखी, खालून वर. "इथं लिवलं हाय, हा पूरक आहार. औषधी वापरासाठी नाही."

सुशीलाबाई विचारात पडल्या. औषधाला उपास नाही, हे शास्त्र त्यांना माहीत होतं. पांढरी गोळी औषध, ती एकादशीलाही चालते. पण ही बाटली तर स्वतःच्या तोंडाने सांगत होती की मी औषध नव्हे, आहार आहे. आहार उपासाला कसा चालेल? म्हणजे उपासाच्या दिवशी ही गोळी नाही. आणि राहिलेली गोळी? त्याचं उत्तर देवघराच्या फळीवर तयारच होतं.

श्रावण लागला. सुशीलाबाईंचे सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, प्रदोष असे उपास. म्हणजे जवळजवळ दिवसाआड उपास आणि दिवसाआड दुप्पट गोळ्या.

दाण्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. पावसाळी हवेत ते मऊ पडू लागले. एक किलो दाणे, मुलाने पाठवलेले, त्यांना वास लागू द्यायचा? सुशीलाबाईंनी ते खरपूस भाजले, शेंगदाण्यांबरोबर कुटले, गूळ घातला आणि पन्नास लाडू वळले. दाणा उपासाला चालतो, त्यात शंका नाही. गोळीऐवजी दाणा, असं वीरेंद्रच म्हणाला होता. उपासाच्या दिवशी सकाळी एक लाडू, संध्याकाळी एक. एका लाडवात किती दाणे गेले असतील हे मोजायची चाल आपल्याकडे नाही. पाहुण्याला कोणी एक शेंगदाणा देतं का?

सुकरामजींनी अर्धा लाडू खाऊन पाहिला. "जुन्या खोबऱ्यासारखा लागते," म्हणाले आणि उरलेला अर्धा बायकोच्या ताटात ठेवला.

भाद्रपदात केस गळू लागले. कंगव्यात केस, उशीवर केस, एकदा वरणात केस. देवळातल्या रमकलाबाई बिसेन म्हणाल्या, "थायरॉईड हो बाई, थायरॉईड. माह्या नंदेचे असेच गेले. आता टोपलंभर डोकं अन् मूठभर केस." रमकलाबाईंच्या सांत्वनाने माणसाचा धीर नेहमी असाच वाढत असे.

सुशीलाबाई तडक दुलीचंदच्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुलीचंदने सगळं मान हलवत ऐकलं. "भाभीजी, टेन्शन नहीं. ये केसांची गोळी, और ये थायरॉईडवालों का टॉनिक, दोन चमचे. सब जन घेऊन राहिले."

आता एक नव्हे, तीन नेम झाले. पण नेम वाढल्याने डगमगेल ती सुशीलाबाई कसली. फळीवर गोळ्या, गोळ्यांशेजारी टॉनिक, टॉनिकशेजारी लाडवांचा डबा. देवांना थोडं सरकून बसावं लागलं. नवरात्राचे नऊ दिवस फक्त लाडू चालले आणि दसऱ्यापासून सगळंच दुप्पट. केस तरी गळतच होते. आता नखंही पांढरी पडून तुटू लागली. सुशीलाबाई मनात म्हणाल्या, आपल्या हातून कुठे तरी कसर राहते आहे.

आणि मग कोजागिरीच्या सुमारास लसूण आला.

आला म्हणजे घरात नव्हे. घरातला लसूण दर वर्षी आषाढी एकादशीला समोरच्या अल्काच्या घरी जात असे. अल्का मेश्राम उपकेंद्रात नर्स. तिचा वर्षावास आणि सुशीलाबाईंचा चातुर्मास एकाच वेळचे. त्या महिन्यांत ती विहारात पौर्णिमा पाळायची, पण लसणाशी तिचं वैर नव्हतं. तिच्या पडवीत पटल्यांच्या लसणाच्या जुड्या चार महिने टांगलेल्या असत. सुकरामजी काही ना काही निमित्त काढून तिच्या दारी जात, पडवीत उभे राहून दीर्घ श्वास घेत आणि घरी येऊन मुकाट्याने बिनलसणाचं वरण जेवत. सुकरामजींना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून आवडत, एक नीट लिहिलेला अर्ज आणि दुसरा पाट्यावर वाटलेला लसणाचा ठेचा. चार महिने अर्जावर भागवावं लागे.

त्या सकाळी सुशीलाबाई चहा द्यायला वाकल्या आणि सुकरामजींनी मान वर केली. नाक हललं. ते चहाकडे बघेनात, बायकोकडे बघत राहिले.

"काय झालं जी?"

"काही नाही."

दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही.

"एक इचारू? रागावू नको. तू लसूण खाल्लास काय?"

"मी? चातुर्मासात?"

"नेम मोडला म्हणून मी बोलत नाही. तो तुझा अन् देवाचा मामला. पण मले न देता खाल्लास?" सुकरामजींनी वरणाची वाटी दूर सारली. "एकोणचाळीस वर्षं मी तुझ्यासंगं अळणी वरण खाऊन राहिलो. अन् तू एकटी, मागच्या दारी?"

सुशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या, तुळशीपाशी गेल्या आणि वृंदावनावर हात ठेवून म्हणाल्या, "या तोंडात आषाढापासून लसणाची पाकळी गेली नाही." त्या हे म्हणाल्या तेव्हा तुळशीवरूनसुद्धा फोडणीचा वास येत होता. पण सुकरामजींनी बायकोला ओळखलं होतं. ते म्हणाले, "मग हे काय हाय?"

देवळात तुळशीवृंदावन नव्हतं, रमकलाबाई होत्या.

सुशीलाबाईंनी पोथी उघडली, मंगलाचरण म्हटलं, आणि पहिल्या रांगेतल्या बायका सतरंजीवर जराशा मागे सरकल्या. दुसऱ्या अध्यायापर्यंत वाचणारी आणि ऐकणाऱ्या यांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा झाली. रमकलाबाई कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "कोनाच्या तरी घरी ठेचा होऊन राहिला वाटते. देवळाच्या लय जवळ."

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंनी मिठाने दात घासले, तुळशीची पानं चावली, लवंग आणि वेलदोडा तोंडात धरला. त्याने लसूण गेला नाही, त्याला फक्त सोबत मिळाली. आता त्यांच्या ओव्यांना खिचडीच्या फोडणीचा वास येऊ लागला. मागे बसलेला एक म्हातारा तर वाचन संपल्यावर महाप्रसादाची वाट बघत बसून राहिला.

चौथ्या दिवशी देवस्थानचे अध्यक्ष गुलाबचंदजी हात जोडून घरी आले. भला माणूस, पण समिती म्हटली की माणसाचा नाइलाज असतो. "भाभीजी, मेरा तो कोई कहना नहीं. पण तक्रार आली. चातुर्मासाची पोथी अन् लसूण, लोग बोलते हैं. समितीचा निर्णय होईपर्यंत वाचन रमकलाबाई करतील. और निर्णय नहीं हुआ तो... समाप्ती भी."

समाप्ती म्हणजे कार्तिकी एकादशीचा शेवटचा अध्याय. सासूबाईंनी अंथरुणावरून जी पोथी सुनेच्या हातात दिली होती, तिचं शेवटचं पान रमकलाबाई उलटणार. सुशीलाबाईंनी गुलाबचंदजींना चहा दिला. देताना श्वास रोखून धरला.

"लेखी नोटीस द्या," आतून सुकरामजींचा आवाज आला. "तोंडी कामकाज मी मानत नाही."

नोटीस आली आणि सुकरामजींना निवृत्तीनंतर प्रथमच जगण्यात अर्थ दिसला. त्यांनी जाड कागद काढला, समास आखला आणि लिहिलं :

'विषय : सौ. सुशीलाबाई पटले यांच्या मुखास येत असलेल्या कथित वासाबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर महिला मागील एकोणचाळीस वर्षांपासून चातुर्मासात लसणाचे सेवन करीत नाही. सदर वास लसणासारखा असला तरी सदर लसूण अर्जदाराच्या घरचा नाही. घरचा लसूण समोरील घरी जमा असून त्याची केव्हाही तपासणी करता येईल. करिता माहितीस्तव सविनय सादर.'

त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. सुशीलाबाई म्हणाल्या, "छान आहे. पण यात वास कसा येतो ते नाही."

"ते परिशिष्टात देऊ," सुकरामजी म्हणाले आणि पेन तसंच हातात धरून बसले.

लसणाच्या तपासणीसाठी साक्षीदार म्हणून अल्काला बोलावलं. ती ड्युटीवरून थेट आली, खुलासा वाचून हसली, आणि मग सुशीलाबाईंचा हात हातात घेतल्यावर हसायची थांबली.

"मावशी, नखं काऊन अशी झाली? अन् केस?"

"थायरॉईड गं बाई."

"गोळी चालू हाय ना? मग आतापर्यंत बरं वाटाले पायजे होतं. काय काय घेऊन राहिल्या तुमी? सगळं आना इथं."

सुशीलाबाईंनी फळीवरून एकेक उतरवून ओळीने मांडलं. अल्का एकेकावरची बारीक अक्षरं वाचत गेली. वीरेंद्रच्या बाटलीवर बोट ठेवलं, मग केसांच्या गोळीवर, मग टॉनिकवर, मग दाण्यांच्या रिकाम्या पिशवीवर.

"मावशी, ही नुसती नावं चार. हे एकच हाय. सेलेनियम, सेलेनियम, सेलेनियम, अन् हे लाडवातबी सेलेनियम. रोज एवढं सगळं घेता?"

"रोज नाही," सुशीलाबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "उपासाला फक्त लाडू. राहिलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट."

अल्काने कपाळावर हात मारला. "अवो माय! उद्याच्या पहिल्या गाडीनं गोंदिया. डॉक्टरची तारीख गेली चुलीत."

सुकरामजींना चुलीतली तारीख आवडली नाही, पण ते गेले.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग जरा पुढे वाकून वास घेतला आणि मान डोलावली. सेलेनियम फार झालं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू लागतं, म्हणाले, आणि त्याला लसणासारखाच वास येतो. केस आणि नखंही त्यानेच जातात. सेलेनियमने काहींच्या तपासण्या थोड्या सुधारलेल्या दिसतात, पण ते पांढऱ्या गोळीची जागा घेऊ शकत नाही, आणि प्रत्येकाला ते लागतंच असंही नाही. रक्त तपासलं. सगळं बंद केलं. फक्त पांढरी गोळी राहिली.

"आणि जे राहिलं ते राहिलं," डॉक्टर म्हणाले. "या बाटल्यांतल्या कशाचंच दुप्पट नाही. शब्द द्या मला."

सुशीलाबाईंनी थोडा वेळ घेतला. एकोणचाळीस वर्षांचा आवाज एका वाक्यात गप्प करायचा म्हणजे वेळ लागतो. मग त्यांनी मनातल्या मनात सासूबाईंच्या पाया पडून शब्द दिला.

वास मात्र लगेच जाईना. शरीरातला साठा हळूहळू जाणार होता आणि समितीची बैठक आली परवावर. त्या संध्याकाळी सुकरामजी डॉक्टरांची चिठ्ठी खुलाशाला टाचत होते. सुशीलाबाई शेजारी येऊन बसल्या.

"माझं नाव तुमच्या हाती आहे जी. ते राखलंत तर चातुर्मास संपल्याच्या दुसऱ्या सकाळी, तुम्ही उठायच्या आत, पाट्यावरचा ठेचा तयार ठेवीन."

सुकरामजींच्या बोटात टाचणी दोनदा गेली.

बैठकीत गुलाबचंदजींनी चिठ्ठी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ये तो अंग्रेजी में है. और डॉक्टर का अक्षर." चिठ्ठी सगळ्या समितीतून फिरली आणि कोणालाच अक्षर न लागता परत आली. रमकलाबाई म्हणाल्या, "श्वासातून म्हने! मंग आमच्या श्वासातून काऊन नाई येत?"

सुकरामजी खुलासा वाचायला उभे राहिले. 'महोदय' म्हणाले आणि थांबले. कागद खाली ठेवला. सभेत कागदाशिवाय बोलणारे सुकरामजी तिरोड्याने तोवर पाहिले नव्हते.

"मी तिचा नवरा होय," ते म्हणाले. "चार महिने होत आले, मी अल्काच्या पडवीत जाऊन लसणाचा वास घेऊन येतो. इचारा तिले. माह्या घरात एक पाकळी असती, तर मी ती शोधली नसती काय? पाया पडून मागितली नसती काय? माह्याकडं पाहा अन् सांगा. हा लसूण खाल्लेल्या घरातला मानूस दिसते काय?"

सगळ्यांनी पाहिलं. गालफडं बसलेली, डोळ्यांत चार महिन्यांचं बिनलसणाचं वरण. पुराव्याचं काम एवढं चोख झालं की गुलाबचंदजींनी डोळे पुसले. अल्का मागून म्हणाली, "खरं हाय. काका येते, उभे राहते, जाते. मी कुत्र्यालेबी 'हाड' म्हणत नाही, वाटते काका असतील." सगळे हसले. रमकलाबाईसुद्धा हसल्या, आणि हसल्यावर माणसाला तक्रार चालवणं अवघड जातं.

समाप्तीला पोथी सुशीलाबाईंनीच वाचली. तोवर बाटल्या बंद होऊन जवळजवळ तीन आठवडे झाले होते आणि वास विरत विरत गेला होता. पहिल्या रांगेत रमकलाबाई सर्वांत पुढे बसल्या होत्या, जवळजवळ पोथीला नाक लावून. शेवटची ओवी झाली, पान मिटलं, आणि त्या मान हलवत म्हणाल्या, "काईच नाई." त्यांच्या तोंडून हा आशीर्वादच होता.

द्वादशीला पहाटे सुशीलाबाई नेहमीसारख्या उठल्या. सुकरामजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ठेच्याबद्दल ते त्या दिवसापासून एक शब्द बोलले नव्हते. मागणी दोनदा केली की अर्जाचं वजन जातं, असं ते म्हणत. सुशीलाबाईंनी पांढरी गोळी घेतली, एकच. तुळशीला पाणी घातलं. फळीवर आता देव ऐसपैस बसले होते. तास भरेपर्यंत त्यांनी माळ केली, पाटा धुऊन पुसून ठेवला आणि छोटी परडी घेऊन त्या बाहेर आल्या. समोर अल्काच्या पडवीत दिवा लागला होता आणि जुड्या टांगलेल्या दिसत होत्या.

फाटकापाशी त्या थांबल्या. चार महिने यांचा ठेचा राहिलेला आहे, त्यांच्या मनात आलं. जे राहिलं ते राहिलं, असं डॉक्टर म्हणाले होते खरे. पण ते बाटल्यांबद्दल. लसणाचं ते काही बोलले नव्हते.

त्या परत आत गेल्या, छोटी परडी ठेवली, मोठी घेतली आणि फाटकाची कडी वाजणार नाही अशी हळूच काढून रस्ता ओलांडू लागल्या.